मोडलंय? आधी काय मोडलंय ते सांगा

मे संपत आला की या सदराच्या टपालाला पूर येतो. माळे आवरायला काढलेले असतात, छत्र्या खाली येतात, सुट्टीतल्या पाहुण्यांपायी मिक्सर दामटलेला असतो. यंदाच्या पत्रांत एक गंमत दिसली. वस्तू कोणत्या कंपनीची, केवढ्याला घेतली, लग्नात कोणी दिली, हे सगळं सविस्तर लिहिलंय. तिला होतंय काय, तेवढंच राहिलंय. डॉक्टरसमोर बसून पेशंटचं गाव आणि गोत्र सांगावं आणि दुखतंय कुठे ते सांगूच नये, तसं झालं हे. 'दुरुस्त होईल का?' याचं उत्तर मी पुण्यात बसून कसं देणार? आवाज येतो का, वास येतो का, तापतं का, अधूनमधून चालतं की कायमचं बंद, एवढं तरी लिहीत जा.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. माझं बालपण आणि पुढचा धंदाही सांगलीत, वडिलांच्या मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याच्या दुकानात गेला. विहिरीवरचे पंप, पंखे, मिक्सर, पिठाच्या गिरणीच्या मोटरी. शिवणटिपण आणि भांड्याकुंड्यांचं ज्ञान आईकडून आलं. मोबाइल आणि लॅपटॉपचे प्रश्न मात्र पाठवू नका, ते माझ्या नातवाला कळतं आणि तो पत्रांना उत्तरं देत नाही.

ताई, आमचा ७५० वॅटचा मिक्सर आठ वर्षांचा आहे. इडलीचं पीठ वाटताना घुर्रर्र करून बंद पडला. दुकानदार म्हणाला, मोटर जळली, १८०० रुपये लागतील, त्यापेक्षा नवाच घ्या. आमचे हे लगेच तयार झाले. काय करू? (गृहिणी, चिंचवड)

'मोटर जळली' हे वाक्य दुकानात फार स्वस्त मिळतं. आधी मिक्सर घरी आणा आणि उलटा करून बघा. तळाला एक छोटं बटण असतं, बहुधा लाल. ते ओव्हरलोडचं. मोटरवर ताण आला की ते टपकन बाहेर येतं आणि वीज तोडतं, म्हणून मोटर वाचते. प्लग काढून अर्धा तास थांबा, बटण आत दाबा, रिकामं भांडं लावून क्षणभर फिरवून बघा. घट्ट पीठ वाटताना बंद पडलेला मिक्सर बऱ्याचदा एवढ्यानेच चालू होतो. त्या बटण दाबण्याचे दोनशे-तीनशे घेणारेही मी पाहिलेत.

नाही झाला चालू, तर लक्षणं बघा. मोटर फिरतेय, आवाज नेहमीपेक्षा मोकळा येतोय, पण भांड्यातलं पातं ढिम्म आहे, तर कपलर गेला. भांड्याच्या बुडाला एक आणि मोटरवर एक, असे दोन दातेरी तुकडे एकमेकांत बसतात, ते कपलर. मोटरवरचा रबराचा किंवा प्लास्टिकचा असतो तो मुद्दामच, कारण पातं अडकलं तर मोटर जळण्यापेक्षा दाते झिजलेले परवडतात. शंभराच्या आत काम होतं. घरी बदलायचा असेल तर प्लग काढा आणि एक लक्षात ठेवा: मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला फिरवल्यावर बहुतेक कपलर सुटतात. आपण सवयीने उलट जोर लावतो आणि तो आणखी आवळतो.

मोटर फिरतच नाही, किंवा वरून थोपटल्यावर फिरते, खालच्या झरोक्यांतून ठिणग्या दिसतात, तर कार्बन ब्रश संपले. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या या दोन काळ्या कांड्या. झिजत जाणं हेच त्यांचं काम, आणि आठ वर्षांत त्यांनी ते केलं असणार. त्यांची जोडीही शंभराच्या आतबाहेर मिळते. भांड्याच्या बुडातून पाणी पाझरत असेल तर बुश आणि वॉशर बदलून घ्या. ते दुखणं भांड्याचं दिसतं, पण पाणी थेट खाली मोटरमध्ये उतरतं आणि मरते ती मोटर.

मोटर खरोखर जळली असेल तर नाकाला कळतं. तारेवरचं इनॅमल जळाल्याचा तो वास स्वयंपाकघरातून लवकर जात नाही. उघडल्यावर तांबूस तारा काळ्या पडलेल्या दिसतात. तशा असतील तर मोटर भरून घ्यायची की आर्मेचरच, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भागच नवा टाकायचा, हा हिशेब. भांडी आणि बॉडी चांगली असतील तर नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत खर्च करायला माझी ना नसते. तुमचे १८०० बरोबर काठावर आहेत. म्हणून दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: नेमकं काय बदलणार, आणि काढलेला जुना भाग परत देणार का? जळकं आर्मेचर तुमच्या हातात ठेवायला जो तयार नाही, त्याला मिक्सर देऊ नका.

आणि तळाच्या पट्टीवर किती मिनिटं चालू ठेवायचा आणि किती वेळ थांबायचं ते छापलेलं असतं. इडलीचं पीठ एका दमात वाटणाऱ्या प्रत्येक घराने ती पट्टी एकदा वाचावी.

४३ इंची एलईडी टीव्ही, पाच वर्षं वापरलेला. आवाज येतो, चॅनल बदलतात, पण पडदा पूर्ण काळा. सर्व्हिसवाला म्हणतो पॅनल गेलं, टीव्हीच बदला. वॉरंटी संपली आहे. (निवृत्त शिक्षक, नागपूर)

सर, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. काय होतंय, काय होत नाही, सगळं चार ओळींत.

टीव्ही हा माझा प्रांत नाही, पण ही एक परीक्षा मला ठाऊक आहे. रात्री खोलीत अंधार करा, टीव्ही सुरू करा आणि टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरून निरखून बघा. अंधूक चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, त्याच्या मागचा उजेड गेलाय. या पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. मागे छोट्या एलईडींच्या पट्ट्या असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची ना, त्यातलाच प्रकार: एलईडी एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, एक गेला की ओळच्या ओळ बंद. पट्ट्या बदलणं पॅनलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पण हे घरी करू नका. पुढची काच कागदासारखी पातळ असते, काढता-घालता तडकते. ज्याला द्याल त्याच्याकडून 'उघडताना पॅनल फुटलं तर जबाबदारी कोणाची' हे आधी बोलून, लिहून घ्या.

टॉर्चने काहीच दिसलं नाही तर मात्र सर्व्हिसवाल्याचं खरं असू शकतं. कंपनी सुटे भाग द्यायलाच नकार देत असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टलही सुरू केलंय. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं अशा चार क्षेत्रांतल्या कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे एकत्र ठेवायची, असा त्यामागचा विचार. तक्रार करताना मॉडेल नंबर आणि नकार लेखी हवा. 'फोनवर नाही म्हणाले' याला कोणी विचारत नाही.

आजेसासूबाईंची पितळेची पातेली आणि एक मोठा टोप आहे. कल्हई पार गेलीय. सासूबाई म्हणतात यात आमटी कळकते. कल्हईवाला आता येत नाही. भंगारात चांगला भाव मिळतोय, देऊन टाकू का? (वाचक, रत्नागिरी)

नका हो देऊ. सासूबाईंचं खरं आहे. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो असं आंबट काहीही उघड्या पितळेला लागलं की तांबं अन्नात उतरतं, चव जाते आणि पोटही बिघडतं. पण त्यात पातेल्याचा दोष नाही, वरचा थर तेवढा गेलाय.

कल्हई होताना तुम्ही पाहिली नसेल तर सांगते, कारण ते माहीत असलं की भांडं वापरायचं कसं तेही कळतं. भांडं आधी चिंचेने किंवा आम्लाने स्वच्छ करतात, मग भात्याच्या आगीवर तापवतात. त्यात नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने पुसतात. भपकन पांढरा धूर निघतो आणि धातू उजळ होतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, बोळा फिरेल तसं पसरतं. मग भांडं पाण्यात, चर्रर्र.

आता हा २३२ चा आकडा लक्षात ठेवा. रिकामं पातेलं मोठ्या आचेवर विसरलात तर ते एवढं सहज तापतं आणि कल्हई वितळून एका बाजूला गोळा होते. म्हणून आधी पाणी किंवा तेल, मग गॅस. खरपूस परतणं, कोरडं भाजणं लोखंडाच्या कढईत करा. आणि तारेच्या घासणीने घासू नका, तुम्ही स्वतःच कल्हई काढून टाकता.

एक सावधगिरी. कथील महाग आहे, त्यामुळे त्यात शिसं मिसळण्याचा मोह होतो. शिसं विषारी. कारागिराकडून कांडी मागून घ्या आणि कानाजवळ धरून वाकवा. चांगलं कथील वाकताना करकर आवाज करतं. शिसं भरपूर असेल तर कांडी गपचूप वाकते आणि कागदावर ओढली की राखाडी रेघ सोडते. आमच्या आईने कल्हईवाल्याच्या तोंडावर ही परीक्षा घ्यायला कधी संकोच केला नाही, आणि चांगल्या कारागिराला त्याचा राग येतही नाही.

एका पातेल्यासाठी कोणी आडवाटेला येणार नाही, हे उघड आहे. वाडीतल्या पाच-सहा घरांची भांडी जमवा आणि गणपतीच्या आधी निरोप धाडा. पुण्याला येणं होत असेल तर कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशवाईपासून तांब्या-पितळेचं काम करणारी. टोपाला पोचे असतील तर ठोकून तेही तिथे निघतील.

सासरे ७४ वर्षांचे. माळ्यावर तीन बंद इस्त्र्या, दोन रेडिओ, वायरींची पोती, सायकलचे भाग. 'लागतं कधीतरी' म्हणतात. मी टाकायला काढलं की जेवत नाहीत. तुमचं सदर ते आवडीने वाचतात, तेव्हा तुम्हीच सांगा. (सून, कोथरूड)

म्हणजे हे उत्तरही ते वाचणार. बरं आहे.

बाबा, सूनबाईंनी तुमच्या नकळत काही टाकू नये, हे मी त्यांना आधीच सांगते. पण माळ्यावरची प्रत्येक वस्तू खाली काढून तिला एक चिठ्ठी बांधा आणि त्यावर लिहा: हिचं काय बिघडलंय. इस्त्रीचं एलिमेंट गेलंय, की थर्मोस्टॅट, की नुसती वायर तुटलीय? तीन इस्त्र्यांत मिळून एक चांगलं एलिमेंट, एक चांगली वायर, एक चांगली मूठ नक्की सापडेल. तिन्हींची मिळून एक चालती इस्त्री करा आणि ती सूनबाईंना द्या. ज्या वस्तूच्या चिठ्ठीवर 'माहीत नाही' असं लिहावं लागेल, तिला दिवाळीपर्यंत मुदत. तोवर कळलं नाही तर ती तुमच्या उपयोगाची नाही, दुसऱ्या कोणाच्या असू शकेल. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. तिथे रेडिओचा एखादा सुटा भाग शोधत फिरणारे तुमच्यासारखेच दहाजण भेटतील. त्यांच्यात तुमचं मन रमेल, फक्त जाताना दोन रेडिओ नेऊन येताना चार आणू नका.

सूनबाई, वायरींच्या पोत्यात जुने मोबाइल असतील तर त्यांच्या बॅटऱ्या बघा. फुगलेली एकही बॅटरी घरात ठेवायची नाही आणि कचऱ्याच्या बादलीतही टाकायची नाही, ती पेट घेते. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे ई-कचरा देता येतो. बाकी माळा बाबांचा. रोज जेवण व्हावं एवढं बघा.

आईच्या सात-आठ जुन्या नऊवारी आहेत. दोन रेशमी, बाकी सुती. बोहारणीला द्यायला जीव होत नाही. गोधडी करावी का? मला शिवण जेमतेम येतं. (वाचक, डोंबिवली)

जेमतेम पुरे. गोधडीला धावदोरा येतो ना, मग झालं.

रेशमी दोन आधी बाजूला काढा. रेशीम घड्यांवर विरतं आणि सुतीबरोबर धुतलं की वेगळं आकसतं, सगळी गोधडी चुण्यांनी भरते. त्यांचं नातींना परकर-पोलकं करा, उशांचे अभ्रे करा. जर खऱ्या चांदीची वाटत असेल तर कात्री लावण्याआधी जुनी जर घेणाऱ्याकडून पारखून घ्या.

सुती लुगडी आधी गरम पाण्यात धुवा, जी काही आकसायची ती आताच आकसू दे. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. तिचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरचा होतो आणि पन्ना सव्वा मीटरच्या जवळपास. म्हणजे एका लुगड्यात एकट्या माणसाच्या गोधडीचे चार थर निघतात. विरलेली लुगडी मधल्या थरांना, पोत टिकलेली वर आणि खाली. आईची जी सर्वांत जास्त अंगावर असायची ती वर घ्या, काठ दिसू द्या. विरलेल्या जागी ठिगळ लावा, ते लपवू नका.

खरी मेहनत शिवण्यात नाही, टाचण्यात आहे. सगळे थर जमिनीवर पसरून चार बाजूंना जड पाट ठेवा, मधून कडेकडे हाताने सपाट करत न्या आणि वीतभर अंतरावर मोठे टाके घालून सगळं धरून ठेवा. हे एकटीने करू नका, दोघी-तिघी बोलवा. मग जाड सुती दोऱ्याने कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत येत धावदोरा घाला. ओळी बोटभर अंतराने. मशीनवर पटकन होते, पण ती गोधडी ताठ होते, अंगाला बिलगत नाही. हात दुखत असतील तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आता गावोगाव आहेत. फक्त मजुरीवरून घासाघीस करू नका. अशी एक गोधडी हाताने म्हणजे कित्येक दुपारींचं काम आहे, ते तुम्ही स्वतः दोन ओळी घातल्या की कळेल.

बोहारीण दारात आली तर तिला बाकीचे कपडे द्या. तिची पाटी ही जुन्या कपड्यांच्या पुनर्वापराची आपल्याकडची फार जुनी व्यवस्था आहे, आणि आपण तिच्याशी एका स्टीलच्या डब्यासाठी तास तास भांडत आलोय.

१९९० सालचा जड सीलिंग फॅन. अलीकडे हळू फिरतो, सुरुवातीला काठीने ढकलावा लागतो. वडिलांचा आग्रह आहे की जुनं ते सोनं. (वाचक, सोलापूर)

काठीने ढकलावा लागतो म्हणजे कपॅसिटर, म्हणजे पंख्याला सुरुवातीची गती देणारा छोटा भाग, गेला. बहुतेक सीलिंग फॅनना अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, जुन्यावर छापलेला आकडा वाचून तोच आणा. चहा-भज्यांच्या पैशांत पंखा पूर्वीसारखा पळेल. खरखर येत असेल तर बेअरिंग.

पण सोलापूरला आहात, म्हणून पुढचं लिहिते. तो पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. नवे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या तऱ्हेच्या मोटरीचे, ३० वॅटच्या आसपास चालतात. रोज १२ तास फिरला तर जुना ०.९ युनिट घेतो, नवा ०.३६. वर्षातले ३०० दिवस धरले तर १६२ युनिटांचा फरक. युनिटला ८ रुपये धरा, १३०० रुपये होतात. म्हणजे झोपायच्या आणि बसायच्या खोलीतला पंखा दोन-अडीच वर्षांत स्वतःची किंमत वसूल करतो. तिथे दुरुस्तीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, आणि हे मी, जिचं अर्धं आयुष्य पंखे भरण्यात गेलं, ती सांगतेय. वडिलांचा पंखा कपॅसिटर बदलून देवघरात किंवा पाहुण्यांच्या खोलीत लावा, जिथे तो दिवसाला तासभर फिरेल. तिथे तो आणखी वीस वर्षं राहू दे.

आमच्या सोसायटीत 'दुरुस्ती दिवस' करायचा विचार आहे. उपयोग होईल का? (सचिव, ठाणे)

होईल. अॅमस्टरडॅमला २००९ मध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी पहिलं रिपेअर कॅफे भरवलं, ते आता जगभर पसरलंय, बंगळुरूलाही तसं चालतं. तिकडे स्वयंसेवक फुकट दुरुस्ती करतात, कारण तिकडे कोपऱ्यावर दुरुस्तीवाला उरलेला नाही. आपल्याकडे तो अजून आहे. म्हणून फुकट करू नका. स्टेशनबाहेरचा छत्रीवाला, मोची, रफू करणारा, मिक्सरवाला, धार लावणारा यांना एका रविवारी सोसायटीत जागा, सावली, वीज आणि चहा द्या. मजुरी त्यांची त्यांना, दर फळ्यावर. सोसायटीतल्या निवृत्त इंजिनिअरांना दाराशी टेबल द्या. आलेल्या वस्तूला काय होतंय ते विचारून चिठ्ठी लिहायची, एवढंच त्यांचं काम. हत्यारं त्यांच्या हाती देऊ नका.

आता थोडक्यात.

कुकर, पनवेल: सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. बहुधा आतलं पाणी संपलं होतं. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा बसवा. भोकात दुसरं काहीही कोंबायचं नाही. रिंग सैल झाली तर बदला, दांड्याचे स्क्रू आवळा. झाकण बसतं ते तोंडच वाकडं झालं असेल किंवा अंगाला चीर असेल तर मात्र दुरुस्ती नाही. नुसतं तोंड वाकडं असेल तर तो कुकर झाकणाशिवाय पातेलं म्हणून वापरा.

नॉनस्टिक तवा, लातूर: कोटिंग उडालेला तवा घासून 'साधा' करून स्वयंपाकाला वापरू नका. कुंडीखाली ठेवा. पुढचा तवा बिडाचा घ्या, नातवंडांपर्यंत चालेल.

कापसाची गादी, जळगाव: गोळे झालेला कापूस पिंजून घ्या, थोडा नवा मिसळा, खोळ नवी. पावसाच्या आत करा, ओल्या हवेत कापूस धड फुलत नाही. फोमची गादी एकदा बसली की बसली.

बॅगेची चेन, मडगाव: दाते शाबूत आहेत आणि रनर पुढे गेल्यावर मागे चेन उघडी पडते, म्हणजे रनर सैल झालाय. त्याच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या दाबा. नाही जमलं तर रनर बदलून मिळतो, सबंध चेन बदलू नका.

छत्री, बऱ्याच गावांहून: हे वाचाल त्या दिवशी द्या. पहिला पाऊस पडला की छत्रीवाल्याकडे रांग लागते, आणि घाईत घातलेली काडी त्याच आठवड्यात निखळते.

आजी, मी आठवीत आहे. मला वस्तू उघडून बघायला आवडतं. आई ओरडते. कशापासून सुरुवात करू? (विद्यार्थी, कऱ्हाड)

आईला हे उत्तर वाचून दाखव, मग सुरुवात कर.

जे भिंतीच्या प्लगला लागतं ते सध्या नको. त्यातही दोन गोष्टींना मोठा झालास तरी एकट्याने हात लावायचा नाही: जुना पेटीसारखा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह. प्लग काढल्यावरही त्यांच्यात मोठा विजेचा साठा राहतो, त्याने जीव जातो. सेलवर चालणारं काहीही चालेल. खेळण्यातली गाडी, टॉर्च, रिमोट.

स्क्रू ड्रायव्हरचा एक छोटा संच घे आणि साठवलेल्या पैशांतून साधा मल्टीमीटर, म्हणजे वीज मोजायचं छोटं यंत्र घे. उघडण्याआधी फोटो काढ, प्रत्येक पायरीला एक. स्क्रू इडलीपात्रात ठेव, पहिले काढलेले पहिल्या खळग्यात, नंतरचे पुढच्या. जोडताना उलट क्रमाने यायचं. इडलीपात्र धुऊन ठेव, नाहीतर आईचं ओरडणं बरोबर ठरेल.

पहिलं काम म्हणून घरातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घे. आधी नवा सेल घालून बघ. सेलच्या जागी हिरवट-पांढरं साचलं असेल तर कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुस, कोरडं कर, परत बघ. तरी काटे हलत नसतील तर मागचं काळं चौकोनी मशीन बदलायचं. घड्याळाच्या दुकानात ते स्वस्तात सुटं मिळतं. काटे हळूच वर ओढून काढ, पुढची पितळी चकती सोडव, मशीन मागून बाहेर येतं. दुकानात जुनं मशीन बरोबर ने, कारण मधल्या दांड्याची लांबी घड्याळाच्या तबकडीच्या जाडीप्रमाणे वेगवेगळी असते. आखूड आणलास तर पुढून चकती बसत नाही. नवे काटे लावताना तिन्ही बारावर आणून बसव.